सिस्टरना दिलेला शब्द

माझे यजमान ठाण्यातल्या एका लहानशा मराठी मंडळीचे पाळक होते. चर्च टेंभी नाक्यापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, आणि चर्चच्या मागेच आमचं राहायचं घर. अकरा वर्षं आम्ही तिथे होतो. ह्यांची निवृत्ती आली तेव्हा घर रिकामं करून डोंबिवलीला जायचं ठरलं. धाकट्या दिराचा फ्लॅट तिथे बंद पडून होता.

निवृत्त पाळकाने जुन्या मंडळीत लुडबुड करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. लग्न असो, बाप्तिस्मा असो की दफन, नव्या पाळकाने बोलावल्याशिवाय वेदीजवळ जायचं नाही. नियम चांगला आहे. आम्ही ठाण्यात आलो तेव्हा आमच्या आधीचे पाळक दर आठवड्याला यायचे, घरोघरी चहा प्यायचे, आणि लोक आपली सुखदुःखं त्यांनाच सांगायचे. शेवटी एकदा ह्यांनी त्यांना हात जोडून सांगितलं, "साहेब, आता मला करू द्या." ते म्हातारे गृहस्थ उठले, छत्री घेतली आणि गेले. तेव्हा मला ह्यांचा अभिमान वाटला होता.

निरोपसमारंभ उपासनेनंतर झाला. शाल, हार, भिंतीवरचं घड्याळ, संडे स्कूलच्या मुलांचं गाणं. वडीलधाऱ्यांनी ह्यांच्यावर चांगली अर्धा-अर्धा तास भाषणं केली आणि प्रत्येकाने शेवटी "बाईंचीही साथ लाभली" एवढं एक वाक्य जोडलं. मी हसून मान डोलावत राहिले. महिला संघाची मोठी पातेली अकरा वर्षं माझ्या माळ्यावर होती. त्या माळ्याची किल्ली द्यायला मी नव्या पाळकबाईंना शोधत होते, पण त्या अजून गावाहून यायच्या होत्या. किल्ली कमिटीच्या सेक्रेटरीच्या हातात ठेवली. त्याने ती न बघताच खिशात टाकली.

त्या दिवशी सिस्टर आल्या नव्हत्या. सरकारी दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि वयाची ऐंशी उलटली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. माजिवड्याला भाच्याकडे राहायच्या. दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. मग संध्याकाळी आम्हीच रिक्षा करून त्यांचा निरोप घ्यायला गेलो.

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी हात हातात घेतला तशा म्हणाल्या, "पोरी, तुझे हात गार आहेत. जेवली नाहीस का?" मग ह्यांच्याकडे वळून, "काय पाळक, चाललात? मला पोचवल्याशिवाय?"

"डोंबिवली काय लांब आहे का, सिस्टर?"

"शब्द दिलाय तुम्ही मला."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं होतं, तेव्हा मी समोरच बसले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, "वॉर्डातून बेवारस म्हणून नेलेली किती माणसं मी बघितली. कुणी नाव घ्यायला नाही. मी त्यांचे डोळे मिटायचे, कपाळावर हात ठेवायचे, आणि मला त्यांचं नावसुद्धा माहीत नसायचं. माझ्या वेळी मला ओळखणारा माणूस उभा पाहिजे. तुम्ही." आणि हे म्हणाले होते, "मीच उभा राहीन."

माजिवड्याच्या त्या खोलीत ह्यांनी सिस्टरच्या उशाशी खुर्ची ओढली. मग त्यांनी प्रार्थना केली. निघताना सिस्टरनी माझा हात काही सोडला नाही. भाच्याने एकेक बोट सोडवलं.

डोंबिवलीला येऊन तीन आठवडे झाले आणि सकाळी भाच्याचा फोन आला. हे अंघोळीला गेले होते, मीच घेतला. "काकू, मावशी गेली. पहाटे. उद्या अकराला दफन आहे. साहेबच करणार ना? तिने सांगून ठेवलेलं."

ह्यांनी डोकं पुसत सगळं ऐकून घेतलं आणि भाच्याला सांगितलं, "बेटा, तू नव्या पाळकांना कळव. ते ठरवतील तसं."

"त्यांना कळवलंय. ते येणारेत. पण तुम्ही..."

"मी येतोच आहे. मंडळीत बसेन."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "अहो, तुम्ही त्या पाळक मुलाला एक फोन करा. नवीन आहे, तरुण आहे, नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच करायचा नाही."

"म्हणजे?"

"मी विचारलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. तीन आठवड्यांत त्याचं पहिलं दफन, आणि तेही म्हाताऱ्यानेच केलं. मग पुढचं प्रत्येक दफन लोक मलाच मागतील. त्याच्याकडे कोण जाईल?"

"आणि सिस्टर?"

ते टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले. मी रडले, भांडले. एकदा तर फोन हातात घेतला, नंबरही काढला. पण पाळकाच्या बायकोने असा फोन केला तर तो ह्यांचाच फोन धरला जाणार, हे मला कळत होतं. मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि डाळ निवडायला बसले. निवडलेली डाळच पुन्हा निवडत होते.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीने निघालो. शीळफाट्याला ट्रक बंद पडला होता, त्यात नवरात्र, टेंभी नाक्याकडचे रस्ते देवीच्या मांडवासाठी अडवलेले. गाडी लांब सोडून चालत पोचलो तेव्हा उपासना सुरू झाली होती. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. अकरा वर्षांत त्या चर्चमध्ये आम्ही दोघं शेजारी कधी बसलोच नव्हतो. मला हात कुठे ठेवावेत कळेना.

दारात सिस्टरच्या बिल्डिंगमधल्या, माजिवड्याच्या जुन्या घरांतल्या बायका चपला काढून उभ्या होत्या. सिस्टरनी त्यांच्या दोन पिढ्यांना इंजेक्शनं दिली होती. त्यातली एक म्हातारी पदराने डोळे पुसत सारखी म्हणत होती, "गेली गो आमची बाय."

नवे पाळक तिशीतले. आवाज चांगला, पण नजर कागदावरून हलत नव्हती. ते वाचत होते, "आपल्या भगिनी निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी मंडळीची निष्ठेने सेवा केली. आपल्या मुलाबाळांना ख्रिस्ती संस्कार दिले..."

बाकांवर कुजबुज झाली. पुढच्या रांगेतून कुणीतरी काही सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. "क्षमा करा," म्हणाले, "भाच्यांना," आणि पुढे वाचू लागले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून बसले होते, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की तिला मुलं नव्हती, ती बेवारस माणसांच्या कपाळावर हात ठेवायची, हे सांगा. पण मी बसून राहिले. त्या मुलाची कीव येत होती आणि त्याचा रागही येत होता. शेवटी नव्या पाळकांनी हात उंचावून आशीर्वचन सुरू केलं, सगळे उभे राहिले, तेव्हा ह्यांचा उजवा हात आपोआप वर जायला लागला. मी तो मनगटाशी धरून खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही हात वर गेल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाहेर बायकांनी मला घेरलं. "बाई, पेटीवर घालायची पांढरी चादर कुठे असते?" "बाई, सिस्टरना आवडायचं ते गीत कबरेवर घ्यायचं का?" सगळं मला माहीत होतं. चादर माळ्यावर, मोठ्या पातेल्याच्या आत. नव्या पाळकबाई कडेवर बाळ घेऊन भिंतीला लागून उभ्या होत्या, जेमतेम पंचविशीच्या. त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

मी म्हणाले, "नव्या बाईंना विचारा."

"त्यांना काय माहीत, बाई?"

मग मी त्या मुलीजवळ गेले, चादर कुठे आहे ते हळूच सांगितलं आणि बाळ माझ्याकडे घेतलं. ती म्हणाली, "काकू, माळ्याची किल्लीच सापडत नाही." सेक्रेटरीच्या खिशातून ती निघाली, तोवर पेटी गाडीत चढवून झाली होती. सिस्टर चादरीशिवायच गेल्या.

दफनभूमीत आम्हीही सगळ्यांसारखी मूठभर माती टाकली. भाचा ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले. "साहेब, तुम्ही शब्द दिलेला तिला."

"दिला होता," हे म्हणाले.

"मग?"

हे हाताला लागलेली माती बघत राहिले. भाचा पाठ फिरवून निघून गेला.

फाटकाशी नवे पाळक धावत आले. "साहेब, तुमच्या शब्दाचं मला आत्ता कळलं. मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही नुसता एक फोन केला असता तरी मी आनंदाने..."

हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं केलंत तुम्ही." एवढंच. तो मुलगा रडायला लागला. मी बाजूला उभी होते, कुणाकुणाची समजूत घालायची तेच मला समजत नव्हतं.

शेजाऱ्यांच्याच गाडीने घरी आलो. जेवताना हे म्हणाले, "मी चुकलो का ग?" मी म्हणाले, "माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही. त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं.

आता रविवारी आम्ही कल्याणच्या एका मंडळीत जातो. मधल्या कुठल्यातरी बाकावर बसतो. ठाण्याहून बायकांचे फोन अजून येतात, कुणाची मुलगी नांदत नाही, कुणाच्या नवऱ्याला पॅरालिसिस. मी ऐकून घेते आणि दरवेळी तेच सांगते, "नव्या बाईंना सांग." परवा एकजण वैतागून म्हणाली, "बाई, तुम्ही पण आता परक्यासारखं बोलायला लागलात," आणि तिने फोन ठेवला. तिला पुन्हा लावावा असं फार वाटलं. लावला नाही.