थरथरणारी चाकं

तळहातावर मावेल अशी, दगडांवर चढणारी रिमोटची गाडी मी घरीच बनवली. पुढच्या आसावर एक मोटर, मागच्या आसावर दुसरी. आधी एकीच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या, तेव्हा दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढत राहिले. त्या बदलल्यावर गाडी कुंडीतल्या दगडावर चढली खरी, पण वर पोचताच तिची पुढची चाकं डावी-उजवीकडे थरथरू लागली.

"अहो, वायर सैल असेल," बायको म्हणाली.

बाबांच्या कंपवाताच्या सुरुवातीला त्यांच्या हातातला कप असाच बशीवर वाजायचा, आणि आम्ही कितीतरी दिवस बशीलाच दोष देत होतो. माणसातली वायर सैल होताना कुणाला दिसते?

रिमोटवरच्या, चाकं वळवायच्या दांडीवरचा अंगठा मी हळूच उचलला.

चाकं लगेच स्थिर झाली.