कुंकू लावलेलं रिव्हॉल्व्हर

सोलापुरात आमचं बंदुकांचं दुकान आहे, हे सांगायची मला अलीकडे लाज वाटते. आजोबांच्या काळी गिऱ्हाईक यायचं ते रानडुकरांनी वैतागलेलं. मूठभर काडतुसं, एक राम राम, संपलं. आता येतात ते आधी आरसा शोधतात. कमरेचं रिव्हॉल्व्हर शर्टावरून दिसतं का, एवढंच त्यांना बघायचं असतं. दिसलं नाही तर तोंड पडतं.

गेल्या निवडणुकीच्या आधी एका कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला. आम्ही रिव्हॉल्व्हर ठेवतो ती बत्तीस बोअरची. त्याचा आग्रह होता की आता त्याहून मोठा, दणकट बोअर, म्हणजे जाड गोळीचं हत्यार ठेवा. माझा धाकटा भाऊ धंद्यात भागीदार आहे. तो लगेच पाघळला.

"दादा, ठेवू या की. लायसनवर दुसरं हत्यार चालतंय. लोक पुण्याला जाऊन घ्यायलेत, आपण काय माशा मारायच्या?"

चार दिवसांत त्याने नवा बोअर हवा असणाऱ्यांची यादी केली आणि प्रत्येकाने काय विचारलं तेही पुढे लिहिलं. नऊ जण होते. नेम कसा लागतो, हाताला धक्का किती बसतो, हे एकानेही विचारलं नव्हतं. आवाज किती होतो, हे मात्र नऊच्या नऊ जणांना हवं होतं. मला शिसारी आली. पण दुकान थंड पडलंय हेही खोटं नव्हतं. निवडणुकीनंतर ठरवू, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात जमा करावी लागतात. नुकतीच खंडेनवमी होऊन गेली होती. त्या दिवशी आमच्याकडे मागाला हार चढतो, रिक्षाला चढतो, तसा रिव्हॉल्व्हरलाही चढतो. पूजेबद्दल माझी तक्रार नाही. पण तेलात कुंकू कालवून यंत्रात ओतायचं ही कुठली भक्ती? एकाच्या नळीतून झेंडूची पाकळी निघाली. एकाच्या मुठीला गुळाला लागलेल्या मुंग्या होत्या. वर्षभरात फडकं म्हणून कुणी फिरवलेलं नाही, आणि ह्यांना मोठा बोअर पाहिजे.

सांगोल्याकडचा एक डाळिंब बागायतदार चार माणसं मागे घेऊन आला. यादीतलं पहिलं नाव त्याचंच. त्याचं रिव्हॉल्व्हर मी उघडायला गेलो तर उघडेना. सांध्यात कुंकू आणि तेल वाळून घट्ट बसलं होतं.

"रिकामंच हाय ओ मालक," तो म्हणाला. "पुजायचं हत्यार, त्यात गोळ्या कशाला घालू?"

त्याची माणसं हसली. मागे रांग होती, चहा आला होता, माणूस वजनदार होता. मी पावती लिहून दिली.

दोन दिवसांनी भाऊ ते साफ करायला बसला. रॉकेल सोडलं, फडक्याने पुसलं, तरी हलेना. म्हणून तो खटका ओढून बघत होता. मी समोरच्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. थोड्या वेळाने कट्‌ असा आवाज आला आणि ते उघडलं. सहा घरांपैकी पाचांत काडतुसं होती.

भावाने ते हळूच फडक्यावर ठेवलं. "दादा, मी दोनदा खटका ओढला," तो म्हणाला. "तोंड तुझ्याकडंच होतं."

काडतुसावर आपटणारा घोडा वाळलेल्या कुंकवाने अडकला होता, म्हणून हे लिहायला मी जिवंत आहे. त्या बागायतदाराला मी ज्या शिव्या हासडल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तो हत्यार न्यायला आला की तोंडावर जाब विचारायचा, मग पोलिसांत कळवायचं, त्याचा परवाना घालवायचा, असं मी ठरवूनच टाकलं.

निकालानंतर तो गुलाल लावूनच आला. मी ती पाच काडतुसं त्याच्यासमोर ओळीने मांडली. लाजेल, निदान दचकेल, असं मला वाटलं होतं. तो हसला.

"ऱ्हायली आसतील की. देवाचं हत्यार हाय, देवानंच राखलं तुमास्नी. बरं, त्यो नवा बोअर कवा येतोय?"

मला त्याच्या गुलालाची, त्याच्या हसण्याची, माझ्या दुकानाच्या पाटीचीसुद्धा किळस आली. पोलिसांत कळवतो, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"कळवा की," म्हणत त्याने खिशातून घडी केलेली पावती काढली आणि काउंटरवर पसरली. अक्षर माझंच होतं. 'हत्यार उघडून पाहिले. रिकामे आहे.' खाली माझी सही.

मी पावती ठेवून घेतली. हत्यार त्याच्या हातात दिलं आणि तो जाईपर्यंत मान वर केली नाही. इतके दिवस गिऱ्हाइकांची किळस करत होतो, ते सोपं होतं.

भावाने पावती दोनदा वाचली. मग गल्ल्यातून नऊ जणांची यादी काढून फाडली.

"आपण बत्तीसचंच उघडून बघत नाही, दादा," तो म्हणाला. "मोठं कशाला आणायचं?"