सिलिंडरची चावी

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी चांद्याच्या दवाखान्यात माझा भाऊ वारला.

तो घुग्घुसच्या खाणीत कामाला होता. खाणीत धूर कोंडला, त्यात तो सापडला. चांद्याला आणल्यावर न्यूमोनिया झाला. मी सावलीला शाळेत शिकवत होते. रजा टाकून आले, तेव्हा खाटेशी ऑक्सिजनचं सिलिंडर लावलेलं होतं आणि त्याच्या नाकात नळी होती.

डॉक्टर तरुण होते, नवं नवं वाचणारे होते. मी शिकलेली म्हणून त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ऑक्सिजन भरपूर आणि फार वेळ दिला तर फुप्फुसं आतून करपतात. म्हणून चावी बेताचीच उघडायची, मधूनमधून बंद ठेवायची. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्यांनी नागपूरहून मागवल्या होत्या. गोळ्यांनी करपणं थोडं थांबेल अशी आशा आहे, म्हणाले, पण माणसांवर कोणी नीट पाहिलेलं नाही. तोवर आवळ्याचा रस द्या.

आईने आवळा हातात घेतला. "छातीत कफ भरला अन् आवळा? थंड असते ते." तरी तिने रस काढला.

खाटेशी मोठे बाबा बसत, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गावात धानाला तलावाचं पाणी पाळीने मिळतं. आपली पाळी आली की माणूस बांधीचं, म्हणजे धानाच्या वाफ्याचं, तोंड पूर्ण मोकळं करतो आणि बांधी काठोकाठ भरून घेतो. पाणी पुढच्या पाळीपर्यंत उरेलच असं नसतं. दवाखान्यात सिलिंडर एकच होतं, आणि शेजारच्या खाटेवर दम्याचा एक म्हातारा येऊन पडला होता.

मी पाणी घेऊन आले तेव्हा सिलिंडर जोरात फुसफुसत होतं.

"मोठे बाबा, चावी काऊन फिरवली?"

"आपल्यापाशी हाये तोवर घेऊ दे त्याले. उद्या त्या बुढ्याकडे नेतीन."

"डॉक्टर नाई म्हणाले ना."

"डॉक्टर कंजूस हाये. हवा का त्याच्या बापाची हाये?"

म्हातारा खोकत हसला. "मले बी दोन घोट ठेव गा, भाऊ."

"तुह्या पाळीत तू घेजो."

मी चावी फिरवून पहिल्यासारखी केली. मी जेवायला गेले की ते पुन्हा उघडत. दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाहिलं. चावी काढून खिशात घातली आणि पुढचं सारं स्वतः येऊन करू लागले. तोवर भावाचा श्वास उथळ झाला होता. गोळ्या आल्या त्या दिवशी त्याला गिळता येत नव्हतं.

तो गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "धुराने किती केलं, न्यूमोनियाने किती, ऑक्सिजनने किती, हे मला सांगता येत नाही. गोळ्या आधी आल्या असत्या तर काय झालं असतं, तेही सांगता येत नाही."

मोठे बाबा दाराशी उभे होते. "का म्हणते डॉक्टर?"

"न्यूमोनिया होता म्हणतात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भावाला गावी न्यायला बैलबंडी पाहायला बाहेर गेले.

आता घरात आई आणि मी राहतो. मोठे बाबा शेजारच्या घरात आहेत. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलेलं नाही.