चाळीस मिनिटांचा ठिय्या

आमच्या रग्बी लीगच्या इतिहासात एक वाक्य आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत त्याचा अर्थ असा की २००६ साली अध्यक्षांच्या पुढाकाराने महिलांचा पहिला सामना खेळवण्यात आला. पुढाकार म्हणे! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. त्या दिवशी त्या माणसाने पुढाकार घेतला होता तो मला मैदानातून उठवण्याचा. आणि हे वाक्य लिहिलं कोणी? माझ्या नवऱ्याने. आमच्याच डायनिंग टेबलवर बसून, मी केलेला चहा पीत.

आम्ही अमेरिकेत पार्सिपनीला राहायचो. नवरा पुण्याहून नोकरीच्या एच-वन व्हिसावर आलेला आणि त्याच्या मागोमाग मी एच-फोरवर. एच-फोर म्हणजे या देशात राहा, जेवा, गाडी चालवा, पण नोकरी करायची नाही. सांगलीला मी कबड्डी खेळायचे. विद्यापीठाच्या संघात डावा कोपरा माझा होता. कोपरा म्हणजे साखळीतला शेवटचा खेळाडू, त्याच्या पलीकडे फक्त रेघ. चढाई करणारी आत आली की तिचा घोटा धरायचा आणि मेलं तरी सोडायचा नाही, हे माझं काम. इथे येऊन मी डिशवॉशर भरायला आणि रिकामा करायला लागले. इतकी चिडचिड व्हायची की फोनवर आई विचारायची, "अगं, भांडणं होतात का तुमची?" भांडायला तरी कोणी हवं ना घरात! नवरा सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा.

नवऱ्याचा मॅनेजर ऑस्ट्रेलियन होता. उंच, लालबुंद मानेचा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. त्याने २००३ साली आपले दोन-तीन देशबांधव आणि बरेच अमेरिकन हौशे-नवशे जमवून चार टीमची लीग काढली आणि स्वतः अध्यक्ष झाला. रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा जणांची रग्बी. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्याने पाडलं की उठून तो पायाने मागे सारायचा आणि परत पळायचं. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू दुसऱ्यांना. अमेरिकेत तेव्हा हे नाव कोणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मैदान मागायला पार्कच्या ऑफिसात फोन केला की तिथली बाई दर वेळी विचारायची, "म्हणजे फुटबॉल का?"

लीग काढायला काय जातंय? चालवायची कोणी? मॅनेजरने एक दिवस नवऱ्याला विचारलं, "तू एक्सेलमध्ये चांगला आहेस ना?" झालं! ज्या माणसाने जन्मात कधी चेंडू झेलला नाही, तो लीगचा सेक्रेटरी झाला. नाही म्हणणार कसा? ग्रीन कार्डाची फाइल त्याच मॅनेजरच्या सहीने पुढे सरकायची. आणि सेक्रेटरीच्या वाट्याला जे टाइमटेबलच्या पलीकडचं आलं, ते सगळं माझ्या गळ्यात पडलं. मैदानाचं परमिट आणायचं, रेघा मारायच्या, संत्री कापायची, सुजलेल्या बोटांना बर्फ लावायचा. जर्सीसुद्धा आमच्या कॉम्प्लेक्सच्या लॉन्ड्रीत मीच धुवायचे. लष्कराच्या भाकऱ्या नुसत्या.

पहिली मॅच बघताना मात्र मला राहवलं नाही. हे धिप्पाड धिप्पाड बाप्ये एकमेकांच्या मानेला लोंबकळत होते आणि पळणारा त्यांना फरफटत नेत होता. मी रेघेवरून ओरडले, "अरे पाय धर, पाय! मानेला काय झोंबतोस माकडासारखा!" शुद्ध मराठीत, हाताने स्वतःचा घोटा धरून दाखवत. सगळे वळून बघायला लागले आणि नवऱ्याचा चेहरा पडला.

पण त्यांच्यातला एक जण, सामान हलवायच्या कंपनीत काम करणारा, चांगला कपाटाएवढा गडी, पुढच्या प्रॅक्टिसला माझ्याकडे आला आणि म्हणाला, दाखवा. दाखवलं. तो पळत आला, मी खाली बसून घोटा धरला, तो धाडकन आडवा. उठला, हसला आणि म्हणाला, परत दाखवा. मग त्याची बायको आली, ती हॉस्पिटलात नर्स होती. तिच्यासोबत स्कूल बस चालवणारी तिची मैत्रीण आली, कॉलेजच्या मुली आल्या, आमच्या कॉम्प्लेक्समधल्या माझ्यासारख्याच दोन एच-फोरवाल्या आल्या. दर रविवारी आम्ही पार्कच्या मागच्या तुकड्यावर खेळायला लागलो. घरी येताना अंग ठणकत असायचं आणि मी गाडीत मोठ्याने गाणी म्हणायचे. त्या वर्षांत मला या देशात दुसरं काही माझं म्हणून मिळालं नव्हतं.

लीगच्या प्रत्येक वार्षिक बैठकीत मी विचारायचे, आमची मॅच कधी? अध्यक्ष हसून म्हणायचा, "नेक्स्ट इयर." पुढच्या वर्षी पुन्हा नेक्स्ट इयर. आमच्याकडे सरकारी ऑफिसात 'उद्या या' म्हणतात, तसंच हे. शेवटी २००६ला मी नवऱ्याला म्हटलं, टाइमटेबल तू करतोस ना? मग टाक. त्याने खरंच टाकलं. फायनलच्या दिवशी, पुरुषांच्या आधी, चाळीस मिनिटं. पेनसिल्व्हेनियाच्या टीमच्या बायका आमच्याविरुद्ध खेळणार होत्या. अध्यक्षानेही 'बरं' म्हटलं.

आणि नेमकं त्या सकाळी आभाळ गडगडलं. इथल्या पार्कचा नियम असा की वीज दिसली की सगळ्यांनी मैदान सोडून गाड्यांत जाऊन बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. आम्ही थांबलो. पुन्हा गडगडलं, पुन्हा थांबलो. परमिट संध्याकाळपर्यंतचंच, त्यामुळे वेळ संपत चालली. शेवटी आभाळ मोकळं झालं तेव्हा आम्ही जर्सी घालून रेघेजवळ उभ्या होतो. नवरा छत्री बंद करत आला आणि माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, "अगं, तुमची मॅच कॅन्सल केली. फायनलला वेळ पुरत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅन्सल केली! दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगावं, तसं सांगत होता. मी तरातरा चालत मैदानाच्या मध्यात गेले आणि चिखलात फतकल मारून बसले. मागे वळून बघितलं तर नर्स येत होती. मग बसवाली, मग सगळ्या. पेनसिल्व्हेनियाच्या बायका जरा कुजबुजल्या आणि त्याही येऊन बसल्या. ठिय्या काय असतो हे त्यांना माहीत नव्हतं, पण शिकवायला लागलं नाही.

पुरुषांच्या दोन्ही टीम वॉर्मअप करता करता थांबल्या. अध्यक्षाने आधी हसून बघितलं, मग त्याची मान आणखी लाल झाली. तो नवऱ्याला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "तुझ्या बायकोला तिथून उचल." उचल! मी काय सोफा आहे?

नवरा आला. ऑफिसची खाकी पँट, इस्त्रीची, कारण फायनलला फोटो असतात.

"ऊठ ना गं," तो म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत."

"घरी बोलू आपण."

"घरी बोलून बोलून तीन वर्षं झाली. इथेच बोल."

तो वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "माझी नोकरी आहे त्याच्या हातात. फाइल आहे. कळतंय ना तुला?"

"कळतंय. तुझ्याकडे नोकरी तरी आहे. मला या देशाने काय दिलंय? ही चाळीस मिनिटं. ती पण तू खोडलीस. तो नव्हे, तू."

हे मी रागात बोलले आणि त्यातला एकही शब्द मला आजही परत घ्यायचा नाही. त्याने मागे वळून मॅनेजरकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मला वाटलं, आता हा माझा दंड धरून मला ओढणार, आणि त्यानंतर आमचं काही खरं नाही.

तो बसला. माझ्या शेजारी, चिखलात, मांडी घालून.

मग तो कपाटाएवढा गडी आपल्या टीममधून ओरडला, "खेळू द्या की त्यांना! आम्ही फायनल कमी वेळाची खेळतो." दुसऱ्या टीमच्या कॅप्टनने मान हलवली. खेळायलाच कोणी तयार नाही म्हटल्यावर अध्यक्ष काय करणार, डोंबल? हात झटकून तो गाडीत जाऊन बसला.

आम्ही मॅच हरलो. सपाटून हरलो, सांगायला लाज नाही. पण शेवटी शेवटी त्यांची सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी माझ्या कडेने सुटली आणि मी तिचा घोटा असा धरला की दोघी रेघेपलीकडे गडगडत गेलो. ती चिखल थुंकत हसायला लागली. मी रडत होते. नवरा रेघेवर उभा होता, पँटची मागची बाजू काळी झालेली, आणि दोन्ही हात वर करून ओरडत होता. काय ओरडत होता ते त्याचं त्यालाही माहीत नसेल.

नोकरी गेली नाही. मॅनेजरने महिनाभर तोंड फुगवलं इतकंच. २००८च्या वसंतात ग्रीन कार्डही आलं. आणि त्याच उन्हाळ्यात लीगला पाच वर्षं झाली म्हणून वेबसाइटवर इतिहास टाकायचं ठरलं. लिहायला सेक्रेटरीच. मी मागून चहा ठेवायला गेले आणि स्क्रीनवर ते वाक्य वाचलं.

"हे काय आहे?" मी विचारलं. "अध्यक्षांच्या पुढाकाराने?"

"अगं, इतिहास असाच लिहितात. उगाच जुना वाद कशाला उकरायचा?"

"आता कोणाला घाबरतोस? कार्ड पाकिटात आहे ना तुझ्या?"

"तुझं नाव टाकू का कुठेतरी? विशेष आभारमध्ये?"

"विशेष आभार गेले खड्ड्यात!" माझा आवाज शेजारपर्यंत गेला असणार. "माझं नाव नाही त्याचा राग आहेच, तो मी गिळीनही. पण अरे गाढवा, त्या दिवशी तू बसला होतास. सगळ्या लीगसमोर, त्या मॅनेजरसमोर, फाइल पणाला लावून तू चिखलात बसला होतास. ते कुठंय यात?"

तो कप बशीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते राहू दे. बरं दिसत नाही."

वेबसाइटवर ते वाक्य तसंच गेलं. त्याला बरं दिसत नसेल तर नसो. मला दिसतं. तो बसला होता, माझ्या डाव्या बाजूला, जिथे कबड्डीत माझ्या पलीकडे कधीच कोणी नसायचं.