तिचं नाव नसलेली वकीलपत्रं

नांदेडच्या एका विधी महाविद्यालयानं नव्या वकिलांसाठी एक उपक्रम सुरू केला होता. त्यांना तीन वर्षं ज्येष्ठ वकिलाकडे ठेवायचं, शनिवारी खेड्यांत नेऊन त्यांच्याकडून लोकांचे अर्ज लिहून घ्यायचे आणि मग आपापल्या तालुक्यात वकिली सुरू करून द्यायची. मी ज्येष्ठ म्हणून नाव दिलं. माझ्याकडे देगलूरची एक मुलगी आली.

पहिल्याच महिन्यात एका पक्षकारानं वकीलपत्रावर माझ्या नावाखाली तिचं नाव पाहिलं. "साहेब, ही पोरगी हुबी राहणार हाय का? मग तुमाला कशाला धरलं म्या?"

मी हसलो आणि तिच्यासमोरच तिचं नाव खोडलं. पुढं ते लिहिलंच नाही. अर्ज ती लिहायची, उलटतपासणी ती घ्यायची. महाविद्यालयाच्या मासिक तक्त्यात मी "कामकाज पाहिले" एवढंच भरायचो. तेही कंटाळत.

यंदा तीन वर्षं पुरी झाली आणि तिनं गरिबांना मोफत मिळणाऱ्या वकिलांच्या सरकारी यादीसाठी अर्ज केला. देगलूरात बस्तान बसवायला तिला तोच आधार होता. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा नाही म्हणून अर्ज परत आला. ती माझ्या घरी आली.

"दाखला देतो," मी म्हणालो.

"दाखला चालत न्हाई, सर. ते केस मागून राहिले, माझं नाव असलेली."

गुडघे जिना चढू देत नाहीत, तरी आठवडाभर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो. प्रत्येक फाइलीत नाव माझं एकट्याचंच. शेवटी सतरा प्रकरणं नमूद करून प्रतिज्ञापत्र केलं, 'तिने मला साहाय्य केले.' तिला वाचायला दिलं.

"साहाय्य?" ती म्हणाली. "त्या म्हातारीच्या वाटणीच्या दाव्यात तुम्ही कोर्टात तरी होता का, सर?"

नव्हतो. मी लातूरला लग्नाला गेलो होतो.

"आन् बाकीच्यात?"

बाकीच्यांतही बहुतेक वेळा मी बाररूममध्ये चहा पीत असायचो.

सगळं पुन्हा टाइप करून घेतलं. युक्तिवाद तिने केला, मी हजर नव्हतो, तिचं नाव मी खोडलं. एक प्रत महाविद्यालयाला पाठवली, एक तिला दिली. यादीची मुदत तोवर संपली होती. पुढची यादी तीन वर्षांनी निघेल.

"तोवर माझ्याच नावाच्या तीन वर्षांच्या केसी होतील," ती म्हणाली. तरी कागद तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला.