कोऱ्या कागदांवरच्या सह्या

साहेब गेले त्याला तीन वर्षं झाली. वर्षश्राद्धाला त्यांच्या काही जुन्या पक्षकारांनी मिळून एक छोटी पुस्तिका छापली होती. साहेबांचं शिक्षण, सोलापुरातली वकिली, दिल्लीच्या असेंब्लीतली कारकीर्द आणि तिथे त्यांनी विचारलेले प्रश्न, असं सगळं तीत आहे. मजकूर मी लिहिला. इतकी वर्षं त्यांचा कारकून होतो, दुसरं कोण लिहिणार, असं सगळेच म्हणाले. त्या पुस्तिकेत एक प्रश्न नाही. तो मी गाळला. ज्यांच्या ते लक्षात आलं असतं, त्यांच्या गल्लीत पुस्तिका गेलीच नाही. मी ती जाऊ दिली नाही, असंच म्हणा.

असेंब्लीत प्रश्न विचारायचा तर आधी लेखी सूचना पाठवावी लागते आणि तिच्याखाली सभासदाची सही लागते. अधिवेशन तोंडावर आलं की साहेब कधी मुंबईला असत, कधी तालुक्याच्या गावी. मुदत चुकू नये म्हणून निघताना ते दहाबारा कोऱ्या कागदांवर तळाशी सह्या करून माझ्या हवाली करत. मग मसुद्यावरून मी सूचना टाइप करायची आणि पोस्टात टाकायची. कोर्टातले कारकून म्हणत, एवढा विश्वास माणूस सख्ख्या भावावर टाकत नाही. मला त्याचा अभिमान होता. तो चेहऱ्यावर दिसत असणार.

तीस साली शहरात लष्कराचा अंमल होता, पांढरी गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसणं हाही गुन्हा होता, त्या उन्हाळ्यानंतरची ही गोष्ट. एक विणकर कचेरीचा जिना चढून आला. मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचा. घरात तेलुगू बोलणारा, मराठी थोडं थांबत थांबत. टोपी काढायला उशीर केला म्हणून शिपायांनी त्याचा उजवा हात मोडला होता. हाड बसलं होतं, पण वाकडं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हे असेंब्लीत विचारतो म्हणाले. तेव्हा तो उठून उभाच राहिला.

"सायब, माजं नाव नगं. आत्ता मिलमदी झाडलोटीवर ठिवलंय. त्येबी जाईल."

"नाव येणार नाही," साहेब म्हणाले. "ओळखू येईल असं काहीच येणार नाही. माझा शब्द."

मी शेजारच्या टेबलावर होतो. शब्दन् शब्द ऐकला.

साहेबांनी मसुद्यात लिहिलं, 'सोलापुरातील एका गिरणी कामगाराचा हात'. बस्स, एवढंच. आणि ते रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले.

मला तो मसुदा फार पांगळा वाटला. त्याला कारण होतं. त्याआधीच्या साहेबांच्या पाच प्रश्नांना सरकारनं एकच उत्तर दिलं होतं, सरकारला याबाबत माहिती नाही. ती उत्तरं मीच कात्रणवहीत चिकटवली होती. कोर्टासमोरच्या चहाच्या दुकानात एका पक्षकारानं चारचौघांत मला ऐकवलं, "तुमचे साहेब एवढं रेल्वेत बसून दिल्लीला जात्यात, त्ये 'माहिती न्हाय' एवढं ऐकायलाच व्हय? त्ये तर आमी हितंच सांगितलं असतं की." सगळे हसले. मीही हसलो, पण ते माझ्या मनात कुठंतरी रुतून बसलं.

म्हणून मी सही केलेल्या कागदावर साहेबांच्या वाक्यापुढे माझं वाक्य जोडलं. कुठल्या मिलच्या फाटकासमोर, कुठला हात, आणि हाड मोहोळच्या रस्त्यावरच्या कुठल्या हाडवैद्याकडे बसवलं, ते सगळं घातलं. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही, म्हणजे साहेबांचा शब्द पाळला, अशी मी स्वतःची समजूत घातली. आता सरकारला 'माहिती नाही' म्हणता येणार नाही, एवढाच आनंद होता.

सरकारची उत्तरं कशी तयार होतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटे, प्रश्न दिल्लीत जातो आणि दिल्लीतच कुणीतरी त्याचं उत्तर देतो. तसं नसतं. प्रश्नाची नक्कल दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत उतरते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तिच्यावरचा खुलासा त्यांच्याकडूनच मागवला जातो. साहेब दिल्लीत प्रश्न विचारायला उभे राहण्याच्या पंधरा दिवस आधी मोहोळच्या रस्त्यावर हाडवैद्याच्या दारात दोन शिपाई येऊन बसले होते. त्याच संध्याकाळी ते विणकराच्या घरी गेले. जिन्यावरून पडलो, असा जबाब लिहून त्यावर त्याचा डावा अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी मिलनं त्याला झाडलोटीवरूनही काढलं.

असेंब्लीत उत्तर आलं की सरकारनं चौकशी केली आहे, आणि सदर इसम आपण जिन्यावरून पडल्याचं स्वतःच सांगतो. छापील वृत्तान्तात ते तसंच आहे. साहेबांचा प्रश्न खोटा ठरला तो कायमचा.

दिल्लीहून परतल्यावर साहेब स्टेशनावरून थेट त्या गल्लीत गेले. त्यांची बॅग घेऊन मी मागे. विणकराची बायको दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"तुमी आलात की मागनं त्ये येत्यात," ती म्हणाली.

विणकर बाहेर आला. त्यानं साहेबांना एकच विचारलं, "कागुद कुणी लिवला?"

"सही माझी आहे," साहेब म्हणाले.

त्याला ते पुरलं नाही. तो माझ्याकडे वळला. "तुमी तर हुता की तितं. तुमीच सांगा."

मी म्हणालो, "साहेबांचे कागद साहेबच लिहितात."

साहेबांनी मान वळवली नाही. परत येताना टांग्यात एवढंच विचारलं, उद्या बार्शीची तारीख आहे ना. आहे, म्हणालो.

त्यानंतर त्या गल्लीत आणि मग बाहेरही बोललं जाऊ लागलं की वकिलानं माणूस सरकारला विकला, रावबहादूर होण्यासाठी. दर वर्षी पदव्यांची यादी जाहीर झाली की लोक तीत साहेबांचं नाव शोधत. नसलं की म्हणत, पुढच्या वर्षी. कचेरीत येणारे लोक मी लिहायला लागलो की बोलायचे थांबत आणि साहेबांकडे बघत. माझ्याकडे कुणी बघत नसे.

साहेबांनी कोऱ्या कागदांवर सह्या करणं बंद केलं. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. मग मी फायलीत त्यांच्या हातचा मूळ मसुदा शोधला. पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं, याचा पुरावा तेवढाच होता. तो जागेवर नव्हता. तिथून पुढे माझा दिवस साहेबांवर नजर ठेवण्यात जाऊ लागला. मसुदा कुणाला दाखवला असेल? पगार देताना ते जरा थांबले ते का? माझ्या जागी दुसरा बघतायत का? त्यांनी मला कधी काढलं नाही, कधी टोचून बोलले नाहीत. त्याचाही मला संशय यायचा. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. प्रकृतीचं कारण दिलं. ते गेल्यावर कपाटं आवरताना मी सगळ्यात आधी तो मसुदा शोधला. मिळाला नाही. फाडला की कुणाजवळ आहे, अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी त्या गल्लीत गेलो. विणकर घराच्या ओसरीवर डाव्या हातानं चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसला होता, शेजाऱ्यांच्या हातमागांसाठी. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चरखा चालूच होता.

"सायबाला ठावं हुतं?"

"होतं."

"मग तुला ठिवला कशापायी?"

"माहीत नाही."

त्यानं चरखा थांबवला. मग सांगितलं की साहेब वारले तेव्हा त्या गल्लीतला एकही माणूस स्मशानात गेला नाही. मिलमधून सुटून येणाऱ्यांना यानंच रस्त्यात अडवून मागं फिरवलं होतं. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो, त्या आल्या नाहीत. मला वाटलं, आता जावं, आणि मी वळलो.

"कुटं चाललास," तो म्हणाला. "मला एकल्याला सांगून काय हुतंय? मी तर सगळ्या गल्लीला सांगितलंय, त्यो विकला गेला म्हनून."

वाकडा हात भिंतीला टेकून तो उठला आणि शेजारच्या दारावर त्यानं थाप मारली. तेलुगूत काहीतरी म्हणाला. मग पुढच्या दारावर, मग समोरच्या. आतले मागांचे आवाज एकेक करून थांबले. हाताला सूत चिकटलेला एक म्हातारा सगळ्यात आधी बाहेर आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"सांग," विणकर म्हणाला. "मराटीत सांग, त्येला कळतंय."

मी सुरुवातीपासून सांगू लागलो.