सरकती कपाटं
नव्या ऑइलपेंटच्या वासाने आजही छातीत धस्स होतं. कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात संगणकांसाठी जागा हवी म्हणून ग्रंथालयात रुळांवर सरकणारी, नुकताच रंग दिलेली लोखंडी कपाटं आणली होती. कडेचं चाक फिरवलं की ती एकमेकांना चिकटत आणि जागा वाचे. मला नोकरीला लागून महिनाच झाला होता. दोन कपाटांमध्ये बसून मी प्रबंधांचे क्रमांक उतरवत होते, तेवढ्यात समोरचं कपाट माझ्याकडे सरकू लागलं. बाहेरून कोणीतरी चाक फिरवत होतं. मी पाय पोटाशी घेतले. गुडघे दाबले गेले तेव्हा मी हातातल्या प्रबंधाने पत्र्यावर धडाधड मारलं. चाक थांबलं. फटीतून आमचे ग्रंथपाल डोकावले. “अहो, आवाज द्यायचा ना!” “सर, आवाज तुम्ही द्यायचा,” मी बोलून गेले आणि नोकरी गेलीच असं वाटलं. मग चाक उलटं फिरलं. आज मी ग्रंथपाल आहे. कोणी मला उलट बोललं, की ते किती घाबरलं असेल ते मला कळतं.